संसर्गाआधीचे औषध : पुणे, मुंबई आणि एचआयव्ही-प्रतिबंधाची तीस वर्षे

१९९७ सालच्या डिसेंबरमध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पुण्याविषयी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखकांत पहिले नाव डॉ. रमण गंगाखेडकर यांचे. करोनाकाळात पत्रकार परिषदांमधून ज्यांना आपण सगळ्यांनी पाहिले, तेच हे.

१९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची ती पाहणी होती. त्यांपैकी ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या. त्यांच्यातील एचआयव्हीचे प्रमाण ४९.९ टक्के निघाले. आकडा भयंकर होता, पण त्या काळी कोणाला अनपेक्षित नव्हता. अनपेक्षित होते ते उरलेल्या ३९१ जणींचे प्रमाण : १३.६ टक्के. निबंधाच्या शीर्षकातच त्यांची ओळख दिलेली आहे : विवाहित, एकनिष्ठ स्त्रिया. त्यांचा धोका एवढाच होता की त्यांना नवरा होता.

येथे साधन-चिकित्सेची एक सूचना. या स्त्रिया काहीतरी त्रास होतो म्हणून चिकित्सालयात आलेल्या होत्या. त्यामुळे १३.६ टक्के हे पुण्यातील सर्व विवाहितांचे प्रमाण नव्हे. तसा अर्थ काढणारे लेख तेव्हाही निघाले आणि आजही फिरतात. आकड्याचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. संयम पाळा, एकनिष्ठ राहा, कंडोम वापरा, असा तिहेरी उपदेश त्या काळी भिंतींवर रंगवलेला असे. या ३९१ जणींपुढे तो तिन्ही अंगांनी लटका पडत होता. संयम त्यांच्या हाती नव्हता, एकनिष्ठ त्या होत्याच, आणि कंडोम वापरायचा की नाही हे ठरवणारा माणूस दुसराच होता.

सांगलीत १९९२ पासून मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना बरोबर घेऊन काम सुरू केले. पुढे त्या स्त्रियांचीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. कंडोमवाचून गिऱ्हाईक नको, असे त्या एकजुटीने म्हणू शकत होत्या. घरातल्या स्त्रीला अशी संघटना नव्हती. माझ्या मते त्या दशकातली ही सर्वांत कडवट विसंगती आहे.

म्हणून आजचा धागा एका औषधाचा. संसर्ग झालेला नाही, पण होण्याची शक्यता आहे, अशा निरोगी माणसाने आधीच घ्यायचे औषध. त्याला आज ‘प्रेप’ म्हणतात, म्हणजे संसर्गपूर्व प्रतिबंधक उपचार. त्याचा इतिहास सहसा अमेरिकेपासून सांगितला जातो. पण त्यातली महत्त्वाची पाने पुण्यात आणि मुंबईत लिहिली गेली आहेत.

‘प्रतिबंध’ या शब्दाचा अर्थ आधी काय होता, ते पाहण्यासाठी गोव्यात जावे लागेल. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्तात एचआयव्ही आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती. त्याला एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, वकील होते आनंद ग्रोव्हर. डॉमिनिक सुटला, पण न्यायालयाने अलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. १९९२ मध्ये तो गेला. त्याच्या आयुष्यावर पुढे ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट निघाला. तो अनेकांनी पाहिलेला असतो, पण खटला फारसा कोणाला ठाऊक नसतो.

रोगी कोंडला की रोग कोंडला जातो, ही कल्पना आपल्याकडे १८९७ च्या प्लेगपासून चालत आलेली. पण त्याच प्लेगात मुंबईत दुसरी कल्पनाही जन्माला आली होती. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात स्वतः बनवलेली प्लेगप्रतिबंधक लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. निरोग्याला औषध द्यायचे, आणि तेही रोग येण्याआधी! लोकांना हे पटायला वेळ लागला. आज परळच्या संस्थेला त्यांचे नाव आहे.

प्रेप मात्र लस नव्हे, आणि पुढची सगळी कथा या फरकावर उभी आहे. लस शरीराला शत्रू ओळखायला शिकवते आणि निघून जाते. गोळी शरीराला काहीच शिकवत नाही, ती स्वतः पहाऱ्यावर उभी राहते.

तो पहारा कसा चालतो? एचआयव्ही हा विषाणू पेशीत शिरला की आपली जनुकीय संहिता पेशीच्या लिपीत उतरवून घेतो. बखरीची नक्कल करणारा कारकून डोळ्यांपुढे आणा. एकेक अक्षर पाहून तो पुढचे अक्षर लिहितो. टेनोफोविर हे औषध त्याच्या हाती खोटे अक्षर देते. ते दिसते खऱ्यासारखे, पण त्याला पुढचे अक्षर जोडताच येत नाही. नक्कल तिथेच तुटते. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली यांच्या संशोधनातून हे औषध आले. १९९५ मध्ये माकडांवरील प्रयोगात दिसले की संसर्गाच्या आधी किंवा लगेच नंतर ते दिले, तर माकडांमधला एचआयव्हीसारखा विषाणू मूळच धरत नाही. सुई टोचलेल्या परिचारिकेला ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस जी औषधे देतात, त्यांमागचे तत्त्वही हेच. कारकुनाने दप्तर पूर्ण करण्याआधी त्याला गाठायचे.

आता ससून रुग्णालयात येऊ. पुण्याचा पहिला मोठा प्रयोग तान्ह्या बाळांवर झाला.

एचआयव्हीबाधित आईकडून बाळाला संसर्ग तीन टप्प्यांवर होऊ शकतो : गर्भात, प्रसूतीत आणि अंगावरच्या दुधातून. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील चाचणीने दाखवले, की झिडोव्हुडिन हे औषध गरोदरपणात आणि प्रसूतीत आईला व नंतर बाळाला दिल्यास संसर्ग दोन-तृतीयांशाने घटतो. पण तो उपचार लांबलचक आणि महाग होता. १९९९ मध्ये युगांडातून स्वस्त मार्ग आला. प्रसूतिवेदना सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला त्याचाच एक डोस. एवढ्याने संसर्ग जवळपास निम्म्यावर आला.

दुधाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. वरचे दूध द्यावे, हा सल्ला कागदावर सोपा होता. ज्या घरात पाणी उकळायला इंधन पुरत नाही, तिथे बाटलीतले दूध म्हणजे जुलाबाला निमंत्रण. आणि त्याहून अवघड असे ते ‘बाळाला अंगावर का पाजत नाहीस?’ या प्रश्नाला उत्तर देणे. सासू विचारणार, शेजारीण विचारणार. अंगावर न पाजणे म्हणजे आपला आजार चारचौघांत जाहीर करणे.

बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी २००२ पासून ससूनमध्ये जी चाचणी चालवली, ती या पेचावर होती. इथियोपिया आणि युगांडा ही तिची भावंडे-केंद्रे. अंगावर पिणाऱ्या काही बाळांना जन्मानंतरचा एकच डोस, तर काहींना त्यावर आठव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत रोज ५ मिलिग्रॅम नेव्हिरापिनचे पातळ औषध. बाळ निरोगी आहे, दूध रोज येते आहे, धोका रोज आहे, म्हणून औषधही रोज. ‘प्रेप’ हे नाव कोणी त्याला तेव्हा दिले नसेल, पण वस्तू तीच.

२००८ मध्ये तिन्ही देशांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. सहाव्या आठवड्याला रोज औषध घेतलेल्या बाळांमधील संसर्गाचा धोका जवळपास निम्मा होता. सहाव्या महिन्याला मात्र दोन गटांतला फरक इतका कमी झाला होता की त्यावर खात्रीने बोट ठेवता येईना. कारण उघड होते. औषध सहा आठवड्यांनी थांबले, दूध पुढेही चालू राहिले. पहारेकरी निघून गेला, पण दार उघडेच होते.

वैद्यकाच्या भाषेत याला कोणी अर्धे यश म्हणेल. मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत स्वच्छ पुरावा वाटतो. औषध घेत असेपर्यंत वाचवते, ही गोष्ट यापेक्षा स्पष्टपणे मांडता येणार नाही. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, आईचा स्वतःचा कायमचा औषधोपचार सुरू नसेल तर, बाळ अंगावर पीत असेपर्यंत त्याला रोज नेव्हिरापिन द्यावे, असा पर्याय मार्गदर्शक तत्त्वांत घातला. त्या ओळीमागे ससूनच्या वऱ्हांड्यात रांगेत बसलेल्या आयाही आहेत.

पुण्याचा दुसरा प्रयोग थेट त्या ३९१ जणींच्या प्रश्नातून निघाल्यासारखा आहे. स्त्रीला स्वतःच्या हाताने वापरता येईल, नवऱ्याची परवानगी लागणार नाही, असे काही बनवता येईल का? उत्तर म्हणून पुढे आले टेनोफोविरचे योनीत लावायचे जेल. त्याच्या सुरक्षिततेच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत २०० निरोगी स्त्रियांनी भाग घेतला. केंद्रे तीन : न्यूयॉर्क, अलाबामातील बर्मिंगहॅम आणि पुणे. पुण्याची बाजू भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने, म्हणजे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘नारी’ने सांभाळली. (आता त्या संस्थेचे नाव बदलले आहे. ‘नारी’ हे योगायोगाने पडलेले लघुरूप मात्र विषयाला इतके शोभत होते की नवे नाव तोंडी बसायला वेळ लागेल.) काही जणींनी जेल रोज वापरले, काहींनी संबंधापूर्वी. २००८ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या जागतिक परिषदेत निष्कर्ष मांडले गेले : जेल सुरक्षित आहे आणि स्त्रियांना ते वापरणे जमते.

पुण्यात ते सुरक्षित ठरले म्हणून पुढच्या मोठ्या चाचण्यांची वाट मोकळी झाली. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत संबंधाच्या आधी आणि नंतर जेल लावणाऱ्या स्त्रियांमध्ये संसर्ग ३९ टक्क्यांनी घटलेला दिसला, तेव्हा परिषदेच्या सभागृहात टाळ्या थांबत नव्हत्या म्हणतात. पण पुढच्या दोन मोठ्या चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही. त्यांपैकी ‘व्हॉइस’ या चाचणीत रक्त तपासल्यावर कळले की बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरात औषध पोहोचलेलेच नव्हते. त्या चिकित्सालयात येत होत्या, घेतले म्हणून सांगत होत्या, पण घेत नव्हत्या. गोळ्यांची बाटली घरात सापडली तर? बाईला एचआयव्ही आहे असा समज झाला तर? औषध स्त्रीच्या हाती दिले म्हणजे घर तिच्या हाती आले असे होत नाही.

आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा शिलालेख आहे, इसवी सन १०६० चा. शिलाहार राजाचे नाव त्यात आहे, अधिकाऱ्यांची नावे आहेत. दगड वाहणाऱ्यांची नाहीत. शोधनिबंधांतही चाचणीत भाग घेणाऱ्यांची नावे नसतात, आणि ती नसावीतच, कारण इथे गुप्तता हाच सन्मान आहे. पण इतिहास लिहिणाऱ्याची अडचण त्यामुळे सुटत नाही. डॉक्टरांची, कंपन्यांची, न्यायाधीशांची नावे आपोआप उरतात. ज्यांच्या शरीरावर हे ज्ञान उभे राहिले त्या ‘२०० पैकी काही’ म्हणून उरतात.

आता कंपन्यांकडे वळू, कारण औषध सापडणे आणि औषध परवडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरचा तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांचा दर १० हजार डॉलरच्या पुढे होता. १९७० चा भारतीय पेटंट कायदा औषधाच्या केवळ कृतीला पेटंट देत असे, वस्तूला नाही, म्हणून हे शक्य झाले. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अटींमुळे कायदा बदलला आणि वस्तूलाही पेटंट मिळू लागले.

नेमके याच वेळी अमेरिकी कंपनी गिलियडचे टेनोफोविरवरील अर्ज भारतीय पेटंट कार्यालयापुढे होते. २००६ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनी त्यांना हरकत घेतली. सिप्लानेही घेतली. ज्ञात औषधाचा नुसता क्षार बदलला म्हणजे नवा शोध होत नाही, असा युक्तिवाद होता. नव्या कायद्यातील कलम ३(ड) त्यासाठीच ठेवलेले होते. २००९ मध्ये अर्ज फेटाळले गेले. आज प्रेपच्या गोळीतला मुख्य घटक जगभर स्वस्त आहे, त्यामागे ही हरकत आहे. लढाया तलवारीच्याच वाचायच्या असतील तर गोष्ट वेगळी. पण हा निकालही एक लढाईच होता, आणि ती रुग्णांनी जिंकली.

पुढचा वैज्ञानिक भाग झटपट सांगतो. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये सहा देशांतील २,४९९ जणांच्या, मुख्यतः समलिंगी पुरुषांच्या, चाचणीत टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिनच्या रोजच्या गोळीने संसर्ग ४४ टक्क्यांनी घटला. नेमाने घेणाऱ्यांत घट कितीतरी अधिक होती. केनिया-युगांडातील जोडप्यांत ती ७५ टक्के भरली. जुलै २०१२ मध्ये अमेरिकेने या गोळीला प्रतिबंधासाठी मान्यता दिली. त्याआधी, मे २०११ मध्ये, १,७६३ जोडप्यांच्या चाचणीने दाखवले होते की बाधित जोडीदाराला लवकर औषधोपचार दिला तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी टळतो. नऊ देशांतील केंद्रांत चेन्नईबरोबर पुणेही होते. म्हणजे नवऱ्यावर उपचार करून बायकोला वाचवता येते, हे सिद्ध करण्यात पुण्यातली जोडपीही होती.

आणि भारतात प्रेप? पहिले मोठे प्रात्यक्षिक प्रकल्प महाराष्ट्रात झाले नाहीत. ते म्हैसूरला ‘अशोदया’ने आणि कोलकात्यात सोनागाचीच्या ‘दरबार’ने, म्हणजे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटनांनी चालवले. दोन्हीकडे मिळून १,३०० हून अधिक स्त्रियांनी गोळी घेतली, जवळपास सगळ्या शेवटपर्यंत टिकल्या आणि नवा संसर्ग नोंदला गेला नाही. जी गोळी ‘व्हॉइस’मध्ये बाटलीतच राहिली होती, ती इथे पोटात गेली. फरक औषधात नव्हता. गोळी देणारी आणि घेणारी एकाच गल्लीतल्या होत्या, लपवण्यासारखे काही उरले नव्हते.

२०२२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने प्रेपची मार्गदर्शक तत्त्वे काढली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, एक बाधित आणि एक निरोगी अशी जोडपी, असे गट त्यांत येतात. गट योग्यच आहेत. (२०१८ पर्यंत यांतल्या काहींना कलम ३७७ च्या सावलीत डॉक्टरांशी बोलणेही धोक्याचे होते.) पण १९९३ मध्ये पुण्याच्या चिकित्सालयात बसलेली ती स्त्री या यादीत कुठे बसते? नवऱ्याला संसर्ग आहे हे ठाऊक असेल, तर जोडप्यांच्या रकान्यात. ठाऊक नसेल, तर कुठेच नाही. आणि तिला ते ठाऊक नव्हते, हाच तर त्या निबंधाचा विषय होता.

२०२४ मध्ये लेनाकापाविर या नव्या औषधाच्या चाचणीचा निकाल आला. सहा महिन्यांतून एक इंजेक्शन, घरात बाटली नाही, रोजची आठवण नाही. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील २,१३४ स्त्रियांना ते दिले गेले आणि त्यांच्यात एकही संसर्ग झाला नाही. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८ हजार डॉलरवर आहे. गिलियडने स्वस्त प्रतींसाठी ज्या सहा कंपन्यांना परवाने दिले, त्यांत पुण्याची एम्क्युअर आहे. २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला ते देण्याची घोषणा हैदराबादच्या दोन कंपन्यांच्या नावाने झाली आहे. मुंबईच्या ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ने त्याच्या भारतीय पेटंट अर्जांना हरकत घेतलेली आहे, टेनोफोविरच्या वेळी घेतली गेली तशीच.

त्या चाचणीतला एक तपशील माझ्या लक्षात राहिला. स्त्रियांना निवडताना जोडीदार किती, व्यवसाय कोणता, याची मोजदाद केली नव्हती. वय १६ ते २५, पुरुषाशी संबंध, आणि अलीकडे तपासणी झालेली नसणे, एवढे पुरेसे होते. नवऱ्याविषयी तिला काय ठाऊक आहे, हे कोणी विचारले नाही.